नकाशावरचं गुऱ्हाळ

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रामीण पर्यटनाच्या जागा तपासणाऱ्या आमच्या संस्थेची नवी यादी आली. या हंगामात माझ्याकडे पाच ठिकाणं. मुळशीकडची दोन घरगुती मुक्कामाची, सासवड रस्त्यावरची एक फळबाग, सिंहगडाच्या पायथ्याचं एक भोजनगृह. आणि पाचवं मांजरी. ‘ऊसमळा, शिवारफेरी व गुऱ्हाळ.’ चालक मंदाकिनी आणि सागर.

आडनाव सासरचं लावलंय, पण मांजरीत गुऱ्हाळ चालवणारी मंदाकिनी दुसरी कोण असणार? माझीच मंदा.

यादी हातात धरून गॅलरीत बसून राहिले. चहा निवला. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, माझ्या गावातल्या जागेला प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते ठरवायला जायचंय.

"गाव राहिलंय का पण?" हे. आणि परत पेपरात डोकं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तन्वीला फोन. ही संस्थेचा नकाशा सांभाळते, वय सव्वीस, कामाला वाघ. म्हटलं, ओळखीच्या ठिकाणी परीक्षकाने जायचं नाही असा आपलाच नियम आहे. दुसऱ्या कोणाला पाठवा.

"ताई, खरं सांगू का, सीझन सुरू झालाय आणि माणसंच नाहीयेत. तुम्ही फॉर्मवर डिक्लेअर करा. मी पण येते. दोघींच्या सह्या होतील."

फॉर्म भरला. ‘ओळखीचे स्वरूप’ या रकान्यापाशी अडले. शेवटी लिहिलं, शाळेतील मैत्रीण. बावीस मिलिमीटरची रेघ होती, त्यात एवढंच बसलं.

नववीत मंदा शाळेत यायची थांबली. मी विचारलंही नव्हतं का ते. मला वाटलं, मुली थांबतात.

ह्यांना सगळं पुन्हा समजावलं. पाणी कुठून आणता, कचरा कुठे जातो, कामाला माणसं गावचीच आहेत का, आणि पाहुण्यांना सांगता ते खरं आहे का, असे प्रश्न. उत्तरं पटली तर संस्था दर्जाची खूण म्हणून एक ते तीन हिरवी पानं देते आणि इंटरनेटवरच्या नकाशावर त्या जागेचा करडा ठिपका हिरवा होतो. शाळा, कंपन्या हल्ली हिरवा ठिपका बघूनच सहल ठरवतात.

"मग आपल्या सोसायटीच्या ठिपक्याचा रंग कुठला?" हे.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला वारज्याहून बस. हडपसरला गाडीतळावर तन्वी स्कूटर घेऊन उभी. तिच्या मागे बसून मांजरी.

रस्ता ओळखू येईना. आठवी ते दहावी याच रस्त्याने सायकल मारली. तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस असा की पहाटे पानांवरचं दव बाहीला लागायचं. आता दोन्हीकडे बाल्कन्या आणि वाळत घातलेले कपडे. मधेच उसाचा एखादा पट्टा राहिलाय, घाईत दाढी केल्यावर हनुवटीखाली राहतो तसा.

फाटकाशी मंदा. केस सगळे पांढरे. गोल साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलं का सायेब तपासायला?"

मग हसली. पुढचा एक दात तिरका, तसाच. मी मिठी मारायला पुढे झाले, ती हात पुसत मागे सरली. "आगं, हात चिकट हाईत." मग तशाच हातांनी धरलं.

मुलगा सागर, बत्तीस वर्षांचा. हडपसरच्या एका कंपनीत होता, नोकरी सोडून दोन वर्षं हेच करतोय. पाहुण्यांशी इंग्रजी, आईशी घरचं, माझ्याशी एकदम पुस्तकी. "मावशी, आपण आधी शौचालयं पाहणार की गुऱ्हाळ?" म्हटलं, शौचालयं. स्वच्छ. सांडपाणी केळीच्या बुंध्याला. प्लास्टिक नाही, चहा काचेच्या पेल्यात. चुलीत वाळलेली चिपाडंच, लाकूड नाही. कामाला सहाजणी, सगळ्या मांजरीच्या. तन्वी पटापट खुणा करत होती.

मग गुऱ्हाळ.

काहिलीवर वाफ. लिंबाएवढे बुडबुडे फुटत होते. आणि तो वास. गोड, धुरकट, आणि शेवटी नाकात एक बारीक झणक, नुकत्याच विझलेल्या काडीची येते तशी. ती झणक आली आणि मी दहा वर्षांची झाले. बाजारातल्या गुळाला गेल्या चाळीस वर्षांत तो वास कधी आला नाही. डोळ्यांत पाणी.

"ताई, धूर लागतोय का?"

म्हटलं, हो.

आबांचं, माझ्या वडलांचं, गुऱ्हाळ असंच होतं. थंडीत शाळेतून आलं की दप्तर टाकून तिकडे. मंदाचे वडील, बापू, आमचे गुळवे. पाक झाला की नाही हे सगळ्या मांजरीत बापूच सांगणार. थेंबभर पाक पाण्याच्या वाटीत सोडायचे, बोटांनी गोळी करायचे, काठावर टणकन वाजवायचे. "झाला!" म्हटलं की माणसं धावायची. आम्ही दोघी उसाचं कांडं काहिलीत बुडवून चाटत उकिडव्या बसायचो. ती पलीकडे, मी अलीकडे, मधे वाफ. आबा लांब, पांढऱ्या टोपीत, हात मागे.

निघताना मंदाने टेबलावर दोन ढेपा ठेवल्या. एक पिवळीधमक, एक काळपट. "कुठली नेतीस?" मी पिवळी उचलली. तिने दुसरी फडक्याखाली सारली.

तन्वीने घेऊ दिली नसतीच, परीक्षकाने भेट घ्यायची नसते. मी पैसे दिले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

प्रश्नावली भरली. ‘पाहुण्यांना दिलेली माहिती खरी आहे का?’ फाटकावर त्यांचा फलक आहे: जुन्या पद्धतीचा, रसायनविरहित गूळ. पूर्ण गुण. शेरा: रंग आणि वास अस्सल. परीक्षकाला लहानपणापासून परिचित.

तन्वी: "हे थोडं पर्सनल नाही का होत?"

म्हटलं, राहू दे.

रात्रीच्या जेवणात गूळ-तूप-पोळी. ह्यांनी दोनदा मागून घेतली. बोलले मात्र काही नाही. पुण्यात याला कौतुक म्हणतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

तन्वीने नवीन टूम काढलीय. नकाशावर ‘जुनी नावं’ म्हणून एक थर. कोणत्या जागेला आधी लोक काय म्हणायचे ते. मांजरीची तिने माझ्याकडे दिली. संगणकावर वरून काढलेला फोटो उघडून बसले. छप्परं, छप्परं, निळे तलाव, छप्परं. मला आपलं घर कुठे होतं ते सापडेना. शेवटी मंदाला फोन लावला. तास कसा गेला कळलं नाही.

"रेल्वेचं फाटक धर. तिथनं नदीकडं ये."

"आले."

"डाव्या हाताला मोठी शाळा दिसती का? ती लांडग्याची पट्टी."

"आणि जोडविहीर?"

"तिच्यावं गाड्या लावत्यात आता. खाली, तळघरात. पाणी अजून येतंय म्हनं, पंप लावून काढत्यात रोज."

एकेक नाव ती सांगत गेली, मी टिंबं ठेवत गेले. लांडग्याची पट्टी. जोडविहीर. चिंचेचा बांध. म्हशी बसायच्या तो डोह. शेवटी एका सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर टिंब ठेवलं आणि लिहिलं: आबांचं गुऱ्हाळ.

आबांनी विकलं तेव्हा मी बी.एड.ला होते. घरी आले तर चरक ट्रकमध्ये चढवत होते. मी सुटकेस घेऊन तशीच उभी. आबा म्हणाले, "चहा घे." एवढंच.

फोन ठेवताना मंदा: "सागर म्हणतोय, औंदा पान मिळालं तर पुढं रेटू. न्हाई तर बिल्डरला हो म्हणायचं. चार वर्सं मागं लागलाय. आपलाच तुकडा राह्यलाय ना मधे."

म्हटलं, मिळेल गं. म्हणायला नको होतं.

१ डिसेंबर, रविवार

नीट लिहिते.

जुन्या नावांची काही टिंबं जागेवर जाऊन पक्की करायची होती. तन्वीला परीक्षा, म्हणून एकटी गेले. न कळवता. तपासायला नव्हे, मंदाला चकित करायला. पहाटेची बस धरली. हडपसरहून रिक्षा. आठच्या आत मळ्यात. पाहुणे दहानंतर येतात. सागर नव्हता.

मंदा काहिलीपाशी पाठमोरी. रस काळपट तांबूस, उकळीला आलेला. तिने कोपऱ्यातल्या पोत्यामागून स्टीलचा डबा काढला. चमचाभर पांढरी पूड. भिरकावली, ढवळलं. माझ्या डोळ्यांदेखत रस उजळला. काळ्याचा तांबडा, तांबड्याचा पिवळा. आणि वास. ती झणक.

मी म्हटलं, "मंदा."

दचकली नाही. डब्याचं झाकण लावलं, मग वळली.

"हायड्रॉस हाय. समदेच घालत्यात."

"फलकावर काय लिहिलंय तुम्ही?"

"सागरनं लिव्हलंय. त्यानं मला सांगितलं बंद कर, म्या म्हटलं केली. त्याला ठावं न्हाई." मग थांबून: "पहिल्या वर्षी न्हवती घातली. काळा गूळ कुणी उचलंना. ढेपा तशाच पडून. तू तरी उचललास का? दोन ठिवल्या व्हत्या पुढ्यात."

म्हटलं, जुन्या पद्धतीचा म्हणता ना तुम्ही? जुन्या पद्धतीत हे कुठे होतं?

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं:

"शैले, तुझं आबा बी हेच घालायचं."

३ डिसेंबर, मंगळवार

स्वयंपाकघरात डबा उघडला. पंधरा दिवसांपूर्वीची पिवळीधमक ढेप कडेने काळवंडलीय. पूड घातलेला गूळ परत काळा पडतो, असं परवा मंदाच म्हणाली होती.

ह्यांना सांगितलं. सगळं. एरवी कोटी केली असती. म्हणाले, "तू रिपोर्ट काय दिलायस?"

"तीन पानं."

"मग आता?"

उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी एकदा घातलेलं होतं.

४ डिसेंबर, बुधवार

अण्णाला फोन, नाशिकला. भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, गुऱ्हाळाचा हिशेब तोच बघायचा. विचारलं, आबा गुळात पावडर घालायचे?

"अगं घालायचेच. गूळ-बाजारात पिवळ्यालाच भाव. डबा ओसरीवर असायचा, तू त्यावर बसून अभ्यास करायचीस."

हसला. मला डबा आठवतो. निळ्या अक्षरांचा. गार लागायचा मांडीला.

"आणि कोण घालायचं?"

"कोण म्हणजे? गुळव्या. बापू."

८ डिसेंबर, रविवार

तन्वीला सांगण्याआधी मंदाला सांगावं म्हणून गेले. सागर घरी होता. त्याला कळलं होतं, आईने सांगितलं असावं. त्याने मला पाणी दिलं आणि बाहेर निघून गेला. मावशी म्हणाला नाही.

मंदा शेंगा फोडत बसली होती. मीही पाटीतल्या घेतल्या.

"मी सोमवारी कळवणारे, मंदा. माझाच रिपोर्ट चुकला म्हणून."

"कळीव."

"तुला राग..."

"राग कशाचा? तू मास्तरीण. खोटं पचत न्हाई तुला, पयल्यापासनं." मग शेंगा ठेवून: "एक सांगते पन. तू गेल्या येळेला नकाशात लिव्हलंस, आबांचं गुऱ्हाळ. सागरनं दावलं मला. जागा आबांची व्हती, बरूबर. गूळ बापूचा व्हता."

मी मान हलवली.

"पूड टाकली की भपकारा यायचा. आबा लांब हुबं राहायचं. बापू वाकून ढवळायचा. नववीत मी शाळा सोडली तवा बापूला डाव्या डोळ्यानं दिसत न्हवतं, आन् उजवा सारखा वाहायचा. पाकाची गोळी दिसायची न्हाई त्याला. मी बघायची आन् कानात सांगायची, झाला. मग तो वरडायचा, झाला! तुमच्या वाड्यावं कुणाला कळलं न्हाई."

मी ते ओरडणं ऐकलं होतं. कितीतरी थंडीच्या सकाळी, हातात कांडं घेऊन. आम्हां दोघींच्या मधे वाफ असायची, असं मी वर कुठेतरी लिहिलंय. ती तेव्हा खेळत नव्हती. कामावर होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?"

"एवढं माहीत असून तू स्वतः तीच पूड...?"

तिने मांडीवरची टरफलं झटकली. मग, "म्या तोंडाला फडकं बांधते. दुसऱ्या कुनाला घालू देत न्हाई."

घरी आल्यावर आधी नकाशा उघडला. टिंबाचं नाव बदललं. बापूंचं गुऱ्हाळ. आबांचं नाव पुसताना हात थांबला. मग दोन्ही ठेवली, बापूंचं आधी.

१२ डिसेंबर, गुरुवार

समितीपुढे सगळं मांडलं. मी चूक केली, आठवणीला पुरावा धरलं, असं स्वच्छ सांगितलं. एकजण म्हणाले, "पण मॅडम, इतर मुद्द्यांवर जागा उत्तम आहे. एक पान देऊन टाकू, फलक बदलायला लावू." तन्वी म्हणाली, "सर, खरी माहिती हा एकच मुद्दा असा आहे की तो नसेल तर पानच नाही. आपणच लिहिलंय." तिच्याकडे बघितलं. मी शिकवत होते तेव्हा अशा मुली पहिल्या बाकावर बसायच्या आणि मला थोडी भीती वाटायची.

ठरलं: पान नाही. ठिपका करडाच. पूड बंद करून कळवलं तर फेब्रुवारीत फेरतपासणी, दुसरे परीक्षक. मांजरीचं काम माझ्याकडून काढलं. बरोबर आहे.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. नळ स्टॉप गेल्यावर रडले. शेजारच्या बाईंनी न बोलता पिशवी थोडी सरकवली, मला कोपर टेकायला जागा व्हावी म्हणून.

२० डिसेंबर, शुक्रवार

सागरचा मेसेज. "मावशी, दोन शाळांनी सहल रद्द केली. सर्टिफिकेट आल्यावर बघू म्हणाल्या. तुम्ही बरोबर केलंत हे मला कळतं. तरी तुम्हाला कळावं म्हणून."

चारदा वाचला. उत्तर तीनदा लिहून खोडलं. शेवटी, "कळलं."

तो जन्मला तेव्हा बारशाचं आमंत्रण आलं होतं. मी पेपर तपासत होते. गेले नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

मंदाकडून फोटो. शब्द काही नाही. काळीकुट्ट ढेप, कडा फुटलेल्या, तिला खरबरीत भोकं. दहा मिनिटांनी दुसरा फोटो: पाटीभर भेंडीची ठेचलेली झाडं. बापूंच्या वडलांच्या काळात भेंडीचा चिकट रस घालून मळी वर काढायचे, हे आबांच्याच तोंडून ऐकलेलं. म्हणजे तिला ती पद्धत येत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गूळ करून आता पहिल्यापासून.

ह्यांना फोटो दाखवला. चष्मा वर करून पाहिला. "डांबर रस्त्याला चांगलं." मग दोन मिनिटांनी, पेपराआडून: "विचार तिला, भेंडी किती घातली. जास्त झाली असेल."

ह्यांना भेंडीची भाजीसुद्धा करता येत नाही.

६ जानेवारी, सोमवार

मंदाचा फोन, दुपारी. ना नमस्कार ना काही.

"सातवी काहील. कालच्यापेक्षा बरी. मळी वर आली पन पाक लवकर चढला."

"मग?"

"मग काय, करपला. म्हशीला घातला."

आणि एकदम हसायला लागली. मीही. शाळेत असंच व्हायचं, कारण नसताना, बाई बाहेर काढायच्या. तशा दोघी हसत होतो, फोनच्या दोन टोकांना, साठीच्या जवळ आलेल्या.

मग म्हणाली, "सागर आला व्हता काहिलीपाशी. इचारलं, मी ढवळू का."

"मग?"

"दिला कलथा."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वारज्यातल्या दुकानात गूळ घ्यायला गेले तर दुकानदार सवयीने पिवळी ढेप काढायला लागला. म्हटलं, काळा द्या. "काकू, वड्या छान नाही दिसणार." म्हटलं, दिसू देत कशाही.

वड्या खरंच छान दिसत नाहीत. शेजारच्या जोशीवहिनी एक हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाल्या, "अगं, जळल्या का?" ह्यांनी मागून उत्तर दिलं: "नाही, सुधारल्या."

माझ्या मनातला वास मात्र जात नाही. मला माहीत आहे तो कशाचा, कोणाच्या डोळ्यांतून गेला. तरी थंडीची सकाळ म्हटली की तोच येतो. तो गोडच वाटतो. याचं काय करायचं, कोणाला विचारणार?

१९ जानेवारी, रविवार

काल मंदा म्हणाली, "आता तू तपासनीस न्हाईस ना? मग ये की." गेले. हेही आले, पहिल्यांदाच. मंदाने त्यांना "बसा दाजी" म्हणून खाट दिली. ह्यांनी आल्या आल्या भेंडी किती घालता विचारलं.

फाटकावरचा फलक बदललाय. सागरनेच रंगवलाय, अक्षरं थोडी तिरकी. ‘आमचा गूळ काळा आहे. आधी आम्हीही पावडर घालत होतो. आता नाही.’ मी दोनदा वाचला. असं कोण लिहितं?

पाहुणे थोडे. खराडीकडचं एक कुटुंब, नवरा-बायको, दोन मुली. मंदाने हातावर गूळ ठेवला. धाकटीने तोंड वाकडं केलं. आईने मोबाइलवरचा जुना फोटो पुढे केला. "वो येलो वाला नहीं है?"

"न्हाई," मंदा.

मोठीने मात्र अजून थोडा मागितला. गाडीपर्यंत चाटत गेली. त्यांनी घेतला नाही.

मी पण खाल्ला. खारट-गोड, आधी लोखंडासारखा, मग बराच वेळ जिभेवर. झणक नाही. चांगला आहे का? मला ठरवता आलं नाही. मला त्याची ओळखच नाही. ह्यांनी अर्धा किलो बांधून घेतला. कोणाला विचारलं नाही.

अकराच्या सुमारास पांढरी गाडी आली. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला, सागरशी हात मिळवला. दोघे बांधावरून चालत टोकापर्यंत गेले. तो माणूस हाताने दाखवत होता, इथून तिथपर्यंत. सागर खिशात हात घालून ऐकत होता. मधे एकदा वाकला, उसाची एक पात मोडून चघळत राहिला. मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, लांबून कळेना.

मंदाही बघत होती. हातातलं काम न थांबवता.

"काय सांगेल तो?" मी.

"त्यालाच ठावं. म्या न्हाई इचारत. त्यानं न्हाई म्हनलं तरी माझ्यासाठी म्हनू नये."

गाडी गेली. सागर आमच्याकडे आलाच नाही, सरळ चरकाकडे गेला आणि मोळ्या उतरवायला लागला. मंदाने काहिलीत रस सोडला. मला पदर खोचायची खूण केली. पहिल्यांदा मी तिच्या बाजूला उभी राहिले, वाफेच्या अलीकडे पलीकडे नाही. मळी काढायला झारा दिला. पाच मिनिटांत खांदा भरून आला. ती न बोलता झारा काढून घेई, थोड्या वेळाने परत देई.

निघताना म्हटलं, दोन फेब्रुवारीला फेरतपासणीला माणसं येतील. रविवारच आहे. काय होईल असं वाटतं तुला?

ती उसाच्या पट्ट्याकडे बघत होती, पलीकडच्या बाल्कन्यांवर ऊन आलं होतं.

"रविवारी व्हय? रविवारी खालचा ऊस तोडायचाय."